पिवळ्या पायांचा ट्रायपॉड

अमेरिकेतल्या एडिसनमध्ये पद्मिनीला न ओळखणारा मराठी माणूस सापडणं कठीण, आणि तिच्या कॅमेऱ्यातून सुटलेला सापडणं त्याहून कठीण. बारसं असो, मुंज असो, गणपती असो, कुणाच्या पोरीचं अरंगेत्रम असो, गळ्यात कॅमेरा अडकवून बाई हजर. पण ते झालं उपकाराचं काम. तिचा खरा जीव अडकला होता एका दरीत. एडिसनहून दीड तास उत्तरेला, ससेक्स काउंटीत, अकरा वर्षांपूर्वी सफरचंदं तोडायला जाताना नवरा श्रीरंग रस्ता चुकला होता आणि समोर ही दरी उलगडली होती. खाली शेतं, मधे एक पांढरं घर, घराशेजारी धान्य साठवायचा उंच गोल सायलो, आणि मागे एकामागे एक तीन डोंगररांगा. तेव्हापासून ती त्या जागेला 'माझी दरी' म्हणायची. सातबारा आपल्या नावावर असल्यासारखी म्हणायची.

तिथल्या मराठी मंडळाचं कॅलेंडर गुढीपाडव्याला निघतं, कारण जानेवारीत निम्मं एडिसन भारतात लग्नं जेवत असतं. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे तिथी, एकादशी, चतुर्थी, आणि कव्हरवर एक मोठा फोटो. चारशे घरांच्या स्वयंपाकघरात तो वर्षभर लटकतो. ओळीनं सहा वर्षं तो फोटो पद्मिनीचा होता. चौथ्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं, की वशिला आहे. पद्मिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं भर मीटिंगमध्ये स्वतःच नियम करून टाकला: एका माणसानं एकच फोटो पाठवायचा आणि कमिटीनं नावं झाकून निवड करायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुढची दोन वर्षं नावं झाकूनही तिचाच फोटो आला आणि कुजबुजणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मागच्या वर्षी मात्र नावाचा कागद उलगडला, तर नाव निघालं रेणूचं.

रेणू म्हणजे कोण, तर पद्मिनीचीच शिष्या. अडीच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, मिहीरच्या नोकरीपायी नागपूरहून आलेली. व्हिसावर तिला काम करायची मुभा नव्हती. गणपतीच्या दिवशी मंडळाच्या किचनमध्ये मोदकांच्या ताटाआड ती मुसमुसत बसली होती. पद्मिनीला दया आली. तिनं आपला जुना लाल कोट तिला दिला, गाडीत घालून हिंडवलं, आपल्यासारखाच कॅमेरा घ्यायला लावला आणि धडे सुरू केले. पहिला धडा: आधी फ्रेममधली एक उभी रेघ शोध, झाड असो वा खांब, ती सरळ ठेव, मग बाकीचं जग आपोआप सरळ होतं. दुसरा धडा: कॅमेऱ्याला बर्फ कळत नाही, तो पांढऱ्याचं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, दीड स्टॉप वाढवायचं. तिसरा: थंडीत बॅटरी मरते, म्हणून जास्तीची बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवायची. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की झालं. पद्मिनी चारचौघांत कौतुकानं सांगायची, "रेणूला मी तयार केलं."

आणि मग गुरूची विद्या गुरूला. कव्हर गेलं.

आपण मत्सरी नाही, असं पद्मिनी स्वतःला दिवसातून दोनदा बजावायची. ग्रुपवर रेणूचा फोटो आला, की निदान दहाजणांनी वाहवा केल्याशिवाय ती अंगठा दाखवत नसे. दाखवलाच, तर खाली "छान गं" लिही, उद्गारचिन्ह न देता. मग कॉम्प्युटरवर तो फोटो मोठा करून कोपरान् कोपरा तपासत बसे. कुठे काही कललंय का, कुठे काही कापलं गेलंय का? कधी सापडायचं, बहुधा नाही. श्रीरंग चहाचा कप ठेवत म्हणायचा, "अगं, तांदळातले खडे निवडतेस की फोटो बघतेस?" या माणसाला कधी काय बोलू नये नेमकं तेच सुचत असे.

यंदा कमिटीच्या शंतनूनं जाहीर केलं होतं, की कव्हरला बर्फाचा फोटो हवा. बर्फ म्हणजे पद्मिनीचं माहेर. संक्रांतीच्या आठवड्यात शनिवारी बर्फ पडणार असं कळलं, तेव्हा तिनं ठरवलं: एकटीनं जायचं, कव्हर परत आणायचं आणि मग कुणाला काय शिकवायचं ते शिकवत बसायचं. पण शुक्रवारी रेणूचा फोन श्रीरंगनं उचलला. "काकू? काकू उद्या दरीवर चालल्यात. तूही जा की! रस्ते घसरडे असतात, सोबत होईल."

पद्मिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं भांडी घासायला घेतली.

सकाळी आठला रेणू लाल कोट घालून दारात उभी. हातात तिळगुळाचा डबा, खांद्याला ट्रायपॉड. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना तिनं पिवळ्याधमक जुन्या ओढणीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

"हे काय गं? ट्रायपॉडला हळद लावलीस की काय?"

"धातू थंड होतो ना काकू, बोटं चिकटतात. म्हणून ओढणी फाडली."

आपल्याला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही, हे पद्मिनीच्या मनात आलं आणि तिनं गाडी जरा जोरातच रिव्हर्स घेतली.

वाटेत रेणू अखंड बोलत होती. मिहीरची टीम, सासूबाईंचे गुडघे, वर्क परमिटची वाट. पद्मिनी हूं हूं करत होती. चौपन्न वर्षांच्या बाईला 'काकू' म्हटलेलं चालतं, पण ताई म्हटलेलं जास्त चालतं, हे या मुलीला अजून कळलेलं नव्हतं. महामार्ग सुटला, गावं विरळ झाली, झाडांच्या काळ्या फांद्यांवर बर्फाची पांढरी किनार दिसू लागली.

"किती सुंदर दिसून राहिलं, काकू!"

"दिसतंय," पद्मिनी म्हणाली. दुरुस्ती होती ती, पण रेणूला दुजोरा वाटला.

दरीच्या वळणावर गाडी लावली तेव्हा बर्फ बारीक भुरभुरत होता. समोर सगळं पांढरं. सायलोचं टोक तेवढं दिसायचं आणि पुसलं जायचं. पद्मिनी नेहमीच्या जागी गेली, शेताच्या फाटकापाशी. फाटकावर पाटी होती: खाजगी जागा, आत येऊ नये. अकरा वर्षं तिनं या पाटीचा मान राखून रस्त्यावरूनच फोटो काढले होते. इथून त्रेचाळीस वेळा काढले होते. तिनं ट्रायपॉड रोवला, कॅमेरा चढवला आणि तीच फ्रेम लावली, जी तिला डोळे मिटूनही लावता आली असती.

रेणू मात्र रस्त्यानं वर गेली. तीसेक पावलांवर विजेचा खांब होता आणि त्याच्याशेजारी लाकडी खुंटावर त्या घराची टपालपेटी. तिथे ती थांबली, बसली, उठली, डावीकडे सरकली, परत उजवीकडे. कोंबडी अंडं घालायला जागा बघते तशी. मग पिवळे पाय रोवले.

"तिथून काही मिळत नाही," पद्मिनी ओरडून म्हणाली. "मी बघितलंय सगळं."

"हो का? असू दे, बघते जरा."

वीस मिनिटं गेली. ढग हलेना. मग रेणू पाय आपटत खाली आली. नाक लाल झालं होतं.

"काकू, मी त्या घरी जाऊन विचारू का? आत शेतात जाऊ दिलं त्यांनी, तर तुम्हाला तो सायलो जवळून मिळेल. तुम्ही म्हणायच्या ना, की एकदा जवळून काढायचाय."

म्हटलं होतं खरं, कधीतरी. पद्मिनीच्या मनात दुसरंच आलं: दहा मिनिटं तरी ही बडबड थांबेल.

"जा. सांग, अकरा वर्षं येतोय, सज्जन माणसं आहोत. कॅमेऱ्याकडे मी बघते."

रेणू फाटकाशेजारच्या पायवाटेनं घराकडे निघाली. कुंपणाच्या कडेकडेनं वाट खाली उतरत जायची. लाल कोट लहान लहान होत गेला. पद्मिनीनं दोन मिनिटं वाट पाहिली, इकडे तिकडे पाहिलं, जसं काही तिथे कुणी ओळखीचं भेटणार होतं, आणि ती रेणूच्या ट्रायपॉडकडे चालू लागली. तिनं स्वतःला सांगितलं, की कॅमेऱ्यावर बर्फ साचला असेल, पुसायला हवा.

तिनं डोळा लावला आणि तिच्या पोटात दुखलं. हे असं म्हणण्याची पद्धत आहे म्हणून नव्हे. खरोखर, बरगड्यांच्या खाली, कळ आल्यासारखं दुखलं. त्या तीस पावलांनी दरी बदलली होती. कुंपण फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून निघून नागमोडी घराकडे जात होतं, घरापासून सायलो, सायलोपासून तीन डोंगर, आणि नजर न थांबता आपोआप तिथवर पोचत होती. खांबासारखा सरळ उभा सायलो. एक्स्पोजर दीड स्टॉप वर. सगळे धडे पाळलेले, आणि वर धड्यात नसलेलं काहीतरी. अकरा वर्षं ती या टपालपेटीवरून गाडी नेत होती. इथे थांबावं हे तिला एकदाही सुचलं नव्हतं, आणि ही कालची पोर येते, कोंबडीसारखी दोनदा फिरते आणि उभी राहते.

"माझी दरी आहे ही," पद्मिनी मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

आणि त्याच वेळी उजेड आला.

ढग मधोमध फाटला. भुरभुर चालूच होती, पण तिरप्या उन्हात प्रत्येक कण दिसू लागला. सायलोची एक बाजू उजळली, कुंपणाच्या सावल्या निळ्या झाल्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्या-निळ्यात, वाटेच्या बरोबर मधोमध, एक लाल ठिपका. असा उजेड मिनिट टिकतो, फार तर दीड. पद्मिनीला हे माहीत होतं. रेणूला हाक मारायची म्हटली असती, तर वारा त्याच बाजूला वाहत होता, आवाज सहज गेला असता. हेही तिला माहीत होतं.

ती पळाली. चौपन्नाव्या वर्षी, बुटांत बर्फ भरत, फाटकापर्यंत पळाली, आपला कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवला आणि परत पळत आली. रेणूचा कॅमेरा काढून टपालपेटीवर ठेवला. आपला कॅमेरा पिवळ्या पायांवर चढवला. एकाच जातीचे, खटकन बसला. फ्रेम लावायचीही गरज नव्हती, लावलेलीच होती. तिनं वाकून बटण दाबलं. एकदा, दोनदा, आठदा. लाल ठिपका आता थांबला होता, तिच्याकडे वळला होता, हात चेहऱ्याशी नेला होता. डोळ्यांवर ऊन येत असेल, पद्मिनीला वाटलं. थांबला ते बरंच झालं, ठिपका हलला नाही.

ढग मिटला. तिनं आपला कॅमेरा काढला, रेणूचा पुन्हा चढवला, बर्फ पुसला आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. छाती धडधडत होती. पळाल्यामुळे, असं तिनं ठरवलं.

पंधरा मिनिटांनी रेणू परत आली. घरातल्या आजोबांनी हो म्हटलं होतं, पण आज नाही, गाई बाहेर सोडायच्यात. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तिनं आपल्या ट्रायपॉडकडे पाहिलं, मग पद्मिनीकडे.

"काकू, उजेड आला होता का इकडे?"

आता बघा, इथेही वेळ गेलेली नव्हती. 'आला होता गं, मीच काढला, तुझ्या जागेवरून,' एवढं म्हणायचं होतं. रेणू रुसली असती, दोघी हसल्या असत्या.

"कसला उजेड?" पद्मिनी म्हणाली. "काही नाही आला. चल, गारठलेय मी."

रेणू मग "बरं" म्हणाली आणि ट्रायपॉड मिटायला लागली. गाडीत हीटर लागल्यावर तिनं डबा उघडला. "तिळगूळ घ्या काकू, गोड बोला." पद्मिनीनं घेतला. गुळाची वडी चिवट होती, घरी पोचेपर्यंत दाढेला चिकटून राहिली. रेणू येताना फारशी बोलली नाही आणि पद्मिनीच्या ते पथ्यावर पडलं.

घरी तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, तेव्हा मागून श्रीरंगही थबकला. "हा कव्हरच आहे," तो म्हणाला. "आणि ती लाल कोटातली कोण? रेणू?"

"ठिपका आहे तो," पद्मिनी म्हणाली. तिनं तो लाल आणखी थोडा लाल केला आणि फोटो कमिटीला पाठवून दिला.

फेब्रुवारीच्या शेवटी शंतनूचा फोन आला. शंतनू म्हणजे मंडळातला सगळ्यात उत्साही प्राणी. त्याचा फोन उचलताना तो कानापासून चार बोटं लांब धरावा लागतो.

"काकू! अभिनंदन! कव्हरवर तुम्ही आहात!"

पद्मिनी सोफ्यावर बसली. "आला का माझा फोटो?"

"नाही नाही, फोटो रेणूचा आहे! तुम्ही त्यात आहात! तुमचा लाल कोटवाला सेकंड आला, तो आम्ही मार्गशीर्षाच्या पानावर टाकलाय. सगळ्यांना आवडला, फक्त लाल जरा ओव्हर वाटला. पण काकू, रेणूनं काय फोटो काढलाय यार! फोनवर काढलाय, सांगून खरं वाटणार नाही. पाठवतो, बघा!"

फोनवर. पद्मिनीच्या मते फोनवर फोटो काढणं म्हणजे पाकिटातली पुरणपोळी. तिनं व्हॉट्सॲप उघडलं.

तीच दरी, पण उलट बाजूनं. खालून वर पाहिलेला पांढरा उतार, निळ्या सावल्या, वर रस्त्याची कडा, तिरप्या उन्हात चमकणारी भुरभुर. कडेवर विजेचा खांब. खांबापाशी एक लहानशी काळी आकृती कॅमेऱ्यावर वाकलेली, सगळं जग विसरून. आणि डावीकडे, बरंच लांब, फाटकापाशी, तीन काटक्यांसारखा उभा एक रिकामा ट्रायपॉड.

पद्मिनीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. एरवी रेणूच्या चुका शोधायला करायची तसा. आकृतीच्या खाली तीन पिवळ्या रेघा दिसल्या. बाजूच्या टपालपेटीवर एक काळा ठोकळा होता, त्यातून पट्टा लोंबत होता.

तेव्हा रेणूला ऊन लागत नव्हतं. डोळ्यांशी नेला तो हात नव्हता, फोन होता. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींकडे तोंड करून, बटण दाबलं होतं. आणि नंतर पंधरा मिनिटांनी त्या पोरीनं विचारलं होतं, काकू, उजेड आला होता का.

"काकू? आहात ना? तो रिकामा ट्रायपॉड काय सिम्बॉलिक आहे ना? कमिटीत प्रीता म्हणाली, की गुरूनं शिष्यासाठी मोकळी ठेवलेली जागा! अंगावर काटा आला आमच्या."

"हो," पद्मिनी म्हणाली. "माझ्याही."

पाडव्यापर्यंत तिनं रेणूला टाळलं. कधी ऑफिसचं काम, कधी सर्दी. रात्रंदिवस एकच विचार डोक्यात भुणभुणत होता: तिनं हे मुद्दाम केलं. चारशे घरांत वर्षभर माझी चोरी टांगायची ठरवली. लगेच दुसरा विचार: पण फोटो किती चांगला आहे! आणि दोन्हींत जास्त जळायचं ते दुसऱ्यानंच. चोर म्हटलं तर एकवेळ सहन झालं असतं. त्या फोटोतली आपली पाठ आपल्या त्रेचाळीस फोटोंपेक्षा सरस आहे, हे काही गिळता येईना.

पाडव्याच्या दिवशी शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. गुढी उभी होती, मागून पुऱ्यांचा वास येत होता. शंतनूनं स्टेजवर कॅलेंडर उघडलं, टाळ्या झाल्या, आणि त्यानं दोघींना वर बोलावलं. रेणू अंजिरी साडीत आली, पद्मिनीच्या शेजारी उभी राहिली. शंतनूनं माइक पद्मिनीपुढे धरला.

"काकू, सगळ्यांना सांगा, या क्षणी तुम्ही एवढ्या तल्लीन होऊन कशाचा फोटो काढत होता?"

समोर दोनशे चेहरे. श्रीरंग पहिल्या रांगेत, अभिमानानं फुगलेला. मग तिला एकाएकी त्या सगळ्याचाच कंटाळा आला. महिनाभर पोटात घेऊन फिरायचं म्हणजे काय थट्टा आहे?

"रेणूचा," ती म्हणाली. "आणि तो पिवळा ट्रायपॉड माझा नाही, तिचा आहे. जागा तिनं शोधलेली, फ्रेम तिची. ती नसताना मी तिचा कॅमेरा बाजूला काढून माझा लावला. रिकामा आहे तो माझा ट्रायपॉड. माझा लाल कोटाचा फोटो खरा तिचाच आहे. चोरलाय मी तो."

शंतनू हसला, मागोमाग सगळा हॉल हसला, आणि अशा टाळ्या पडल्या, की गुढीवरची साखरेची माळ हलली.

"याला म्हणतात मोठेपणा!" शंतनू माइकमध्ये ओरडला. "सगळं श्रेय शिष्येला! शिका यार, शिका काहीतरी!"

"अरे, खरंच सांगतेय मी," पद्मिनी म्हणाली, पण माइक एव्हाना श्रीखंडाच्या सूचना देऊ लागला होता. पायऱ्या उतरताना मंडळातल्या राजेशकाकांच्या बायकोनं तिचा हात धरून डोळे पुसले. आजकाल इतकी निगर्वी माणसं राहिली नाहीत, म्हणाल्या.

जेवणाच्या रांगेत रेणू तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुला तेव्हाच माहीत होतं," पद्मिनी पुढे बघत म्हणाली.

"हो."

"मग गाडीत बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, उजेड आला नाही. मी काय म्हणणार? आईसारख्या आहात तुम्ही, तुम्हाला तोंडावर खोटं पाडू?" रेणूचा आवाज जरा चिरकला. "घरी जाऊन रडले मी, काकू. खूप रडले. मिहीर म्हणाला, फोटो पाठव, सगळ्यांना कळू दे. मी त्याच रागात पाठवला. कुणाला काही कळलंच नाही."

"मी सांगितलं तरी कळलं नाही," पद्मिनी म्हणाली.

रेणूला हसू आलं. नको असताना आलं, तिनं ते आवरलं.

"पण खरं सांगू? तुम्ही हाक मारली असती, तर मी पळत आले असते. मग माझ्या कॅमेऱ्यावर तोच फोटो काढला असता, जो तुम्ही काढला. लाल ठिपकाही नसता त्यात. सेकंडसुद्धा आला नसता." तिनं पद्मिनीच्या ताटात श्रीखंड वाढलं. "तुम्ही हाक मारली नाही, म्हणून कव्हर मिळालं मला. पुढच्या खेपेला मारा मात्र."

श्रीखंड गोड होतं, चांगलं झालं होतं, आणि पद्मिनीनं पहिल्या घासानंतर ते ताटात बाजूला सारलं.

संध्याकाळी श्रीरंगनं मोठ्या हौसेनं कॅलेंडर ओट्यासमोर टांगलं. "रोज पोळ्या लाटताना स्वतःला बघशील!" म्हणाला आणि बातम्या लावायला बाहेर गेला.

पद्मिनी एकटी उभी राहिली. पोळ्यांची कणीक तशीच ठेवून तिनं ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली. असं मोजणं तिला स्वतःलाही शोभत नव्हतं, पण आज नाही, तर उद्या काढलीच असती. बर्फात उभं राहून, गारठलेल्या हातानं, घाईघाईत, फोनवर काढलेला फोटो. कुठेतरी काहीतरी कललेलं असणारच. अर्धा अंश तरी. तेवढं सापडलं असतं, तर वर्ष काढता आलं असतं तिला.

तिनं फूटपट्टी कॅलेंडरच्या कडेला लावली, मग हळूच सरकवत विजेच्या खांबावर आणली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

खांब केसभरही कलला नव्हता. आधी एक उभी रेघ शोधायची आणि ती सरळ ठेवायची, हे पद्मिनीनंच त्या पोरीला पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं, आणि शिकवणारीचे हात पिठानं भरलेले होते.